दिव्यचक्षु आणि कपाळावरचे वळ

गेल्या वैशाखांतली गोष्ट. बिलोलीजवळच्या एका विद्यालयांत देणगीच्या पैशांतून 'आभासी वास्तवा'चे आठ हेडसेट आणण्यांत आले. त्या विद्यालयाचें नांव सांगण्याचें येथें कारण नाहीं. उद्घाटनास प्रस्तुत लेखक पाहुणा म्हणून गेला होता. हारतुरे झाले, नारळ फुटला, आणि विक्रेत्याच्या प्रतिनिधीनें मधुर वाणीनें सांगितलें कीं, आतां आमच्या भागांतलीं मुलें बाकावर बसल्याबसल्या हृदयाच्या कप्प्यांत शिरतील आणि चंद्रावर पाऊल ठेवतील. नववींतल्या एका मुलीच्या डोक्यावर तें यंत्र चढविण्यांत आलें. तिच्या दोन वेण्या वर बांधलेल्या होत्या. पट्टा त्यांवर अडला, तो ओढून घट्ट करण्यांत आला. पंधरा मिनिटांनीं यंत्र उतरविलें तेव्हां तिच्या कपाळावर आणि गालांच्या हाडांवर तांबडे वळ उठले होते, आणि ती भिंतीला हात लावून डोळे मिटून उभी होती.

"काय दिसलं ग, बाळ?" मीं विचारलें.

"हृदय दिसलं, सर. पण त्याच्यावरची नावं वाचता आली नाहीत."

मीं प्रतिनिधीकडे पाहिलें. तो हंसून म्हणाला, "सवय नाही अजून, सर. विद्या घ्यायची तर एवढं सोसायला नको का?" आणि व्यासपीठावरील मंडळींनीं माना डोलाविल्या.

या एका वाक्याचा समाचार घेण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

आमच्याकडे या यंत्रासंबंधानें दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, हा सारा मायाबाजार आहे. मुलांची दृष्टि नासविणारी ही विद्या वेशीबाहेरच ठेवावी. दुसरा पक्ष म्हणतो, मराठवाडा आधींच मागें राहिला. आतां जें मिळेल तें दोन्ही हातांनीं घ्यावें, चिकित्सा करीत बसूं नये. पहिला पक्ष यंत्र न पाहतांच त्याला शाप देतो, दुसरा न पाहतांच त्याची आरती ओवाळतो. न पाहणें हा दोघांचा समान धर्म आहे. शाप देणारांशीं माझें भांडण थोडें आहे, कारण त्यांच्या हातीं सत्ता नाहीं. आरती ओवाळणारांशीं मोठें आहे, कारण त्यांच्या हातीं संस्थेची तिजोरी आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, यंत्र डोक्याला बसतें कीं नाहीं, चित्र स्पष्ट दिसतें कीं नाहीं, हे श्रीमंतांचे चोचले होत. माझें म्हणणें याच्या नेमकें उलट आहे. जें यंत्र डोळ्यांवर बांधून वापरावयाचें, त्याच्या बाबतींत अंगाला बसणें आणि डोळ्यांना दिसणें हे दोन गुण म्हणजे दागिन्यावरची नक्षी नव्हे. दागिना तोच आहे. ते दोन वजा केले तर बाकी राहतो तो केवळ प्लास्टिकचा डबा.

प्रथम थोडें पूर्ववृत्त सांगणें अवश्य आहे. दोन डोळ्यांना किंचित् भिन्न अशीं दोन चित्रें दाखविलीं म्हणजे मन त्यांतून खोली उभी करतें, हें चार्ल्स व्हीटस्टन यानें १८३८ सालीं दाखवून दिलें. पुढें डेव्हिड ब्रूस्टरनें भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप केला, आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर तो घरोघर गेला. आमच्या महाराष्ट्रालाहि ही हौस परकी नाहीं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं १८९० च्या दशकांत हातानें रंगविलेल्या कांचांचा 'शांबरिक खरोलिका' हा दीपचित्रांचा खेळ उभा केला. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दिसलीं. आणि 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) निघण्यापूर्वीं चित्रपटाच्या ध्यासानें रात्रंदिवस चित्रें पाहून दादासाहेब फाळक्यांचे डोळे इतके बिघडले कीं कांहीं काळ दृष्टि जवळजवळ गेली होती; वैद्यकीय उपचारांनीं ती परत आली. चलच्चित्राच्या आमच्या आद्य पुरुषानेंच डोळ्यांची किंमत मोजली, ही गोष्ट 'एवढें सोसायला नको का' म्हणणारांनीं विसरूं नये. फाळक्यांनीं सोसलें तें स्वतःच्या ध्यासासाठीं, स्वतःच्या इच्छेनें. नववींतल्या मुलीची इच्छा कोणीं विचारली होती?

माझ्या लहानपणीं माळेगांवच्या खंडोबाच्या जत्रेंत चित्रांचा डबा घेऊन माणूस येत असे. गुडघे टेकावे, भोंकाला डोळा लावावा, दोन्ही हातांनीं उजेड अडवावा, आणि पैसे संपेपर्यंत कुतुबमिनार, ताजमहाल पाहावा. तो डबा, पटवर्धनांची खरोलिका आणि तंबूंतला सिनेमा या सर्वांत एक गोष्ट समान होती. यंत्र आपल्या जागीं असे आणि पाहणारा आपल्या जागीं. डोळे शिणले तर मान फिरवावी, बस्स. १९६८ च्या सुमारास अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यानें प्रथमच संगणकाचें चित्र माणसाच्या डोक्यावर चढविलें. परंतु तें यंत्र त्यानें वरून छताला टांगून ठेविलें होतें. त्या शास्त्रज्ञाला निदान इतकें समजत होतें कीं, विद्यार्थ्याची मान म्हणजे भिंतींतली खुंटी नव्हे.

त्यानंतर अर्धशतकानें हा छताचा आधारहि गेला आणि संगणकाची तारहि गेली. पडदे, भिंगें, कॅमेरे, संगणकाचा मेंदु, पंखा व बॅटरी हीं सर्व एकाच पेटींत आलीं व ती पेटी नाकासमोर बसली. यालाच 'स्वयंपूर्ण' हेडसेट म्हणतात. २०१९ चा 'क्वेस्ट' ५७१ ग्रॅमचा होता, २०२० चा 'क्वेस्ट २' ५०३ ग्रॅमचा, २०२३ चा 'क्वेस्ट ३' ५१५ ग्रॅमचा. स्वयंपूर्णतेचा व्यावहारिक अर्थ एवढाच कीं, पूर्वीं जो भार टेबल उचलीत असे तो आतां विद्यार्थ्यानें उचलावा.

येथें प्रतिपक्षाचा पहिला आक्षेप येतो. "अर्धा किलो म्हणजे काय मोठा भार? आमच्या बायका डोक्यावर पाण्याचा भरला हंडा घेऊन मैलभर चालत आल्या आहेत." हा दृष्टान्त त्यांनीं देऊं नये, कारण तोच त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो. हंडा डोक्याच्या मध्यावर असतो. त्याच्याखालीं चुंबळ असते. त्याचा भार कण्याच्या रेषेंत सरळ खालीं उतरतो. तोच हंडा हात लांब करून समोर धरावयास सांगा आणि मग पाहा किती पावलें चालवतात! हेडसेटचा भार मानेच्या पुढें लोंबतो. तरफेचा नियम शाळेंतल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. तो या पेटीला लागू नाहीं असें थोडेंच आहे? पुढें झुकणारें डोकें सांवरण्यासाठीं मानेचे मागचे स्नायू सारखे ओढलेले राहतात, आणि पेटी घसरूं नये म्हणून पट्टा घट्ट केला कीं तोच ताण कपाळ आणि गालांवर दाब होऊन बसतो. त्या मुलीचे वळ हे संवयीच्या अभावाचे नव्हते. ते यंत्रशास्त्राचे होते.

म्हणूनच कांहीं कारागिरांनीं बॅटरी डोक्याच्या मागें नेऊन तोल साधला; २०२२ च्या 'पिको ४' मध्यें ही योजना आहे. ॲपलनें २०२४ मध्यें काढलेला 'व्हिजन प्रो' ६०० ते ६५० ग्रॅमचा होता, आणि त्याची ३५३ ग्रॅमची बॅटरी निराळी, खिशांत ठेवावयाची. मौज अशी कीं, २०२५ मध्यें त्याच कंपनीनें जो सुधारलेला पट्टा दिला त्यांत मागच्या बाजूस टंगस्टन हा जड धातु मुद्दाम घातला! यंत्राचा एकंदर भार साडेसातशें ग्रॅमांच्या घरांत गेला, तोहि डोक्याला सुख व्हावें म्हणून. अर्थात् भार किती हा अर्धा प्रश्न. तो कोठें बसतो हा दुसरा अर्धा. आमच्या आजीला चुंबळ वळतांना जें ठाऊक होतें, तें जगांतल्या श्रीमंत कारखान्यांना आतां उमगूं लागलें आहे. आमच्या खरेदी समित्यांना तें केव्हां उमगणार?

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. २०२१ च्या जुलैमध्यें 'क्वेस्ट २'च्या चेहऱ्याला टेकणाऱ्या फोमनें अनेकांच्या त्वचेला खाज, पुरळ व सूज येते अशा तक्रारी झाल्या, आणि एकट्या अमेरिकेंत सुमारें ४० लक्ष यंत्रांसाठीं तो भाग परत बोलावून वर घालावयास सिलिकोनचें आवरण फुकट द्यावें लागलें. थंड, कोरड्या खोलींत, एकेकट्यानें वापरावयाच्या यंत्राची ही कथा. आतां आमच्या वर्गाचें चित्र डोळ्यांपुढें आणा. पारा ४२ अंशांवर जाणें ही नांदेड जिल्ह्यांत बातमी नव्हे. खोलींत दोन पंखे, त्यांतला एक फिरतो तो वीज असेल तेव्हां. केसांना खोबरेल तेल, कपाळाला कुंकू किंवा अष्टगंध, आणि त्यावरून वाहणारा घाम. हें सारें एका मुलाच्या कपाळावरून फोमांत आणि फोमांतून दुसऱ्या मुलाच्या कपाळावर जाणार. ज्या 'व्हिजन प्रो'ची एवढी कीर्ति, त्याचे कर्तेच सांगतात कीं तो ० ते ३० अंश उष्णतेंत वापरावा. म्हणजे फाल्गुनापासून मृगापर्यंत आमच्या दुपारच्या वर्गांत त्याला प्रवेशच नाहीं. यंत्राला उन्हाळ्याची सुटी हवी, आणि मुलीनें मात्र सोसावें, हा कोणता न्याय?

आतां मुख्य मुद्दा, चित्राचा. विक्रेते पडद्यावरील ठिपक्यांची संख्या सांगतात: 'क्वेस्ट २'मध्यें प्रत्येक डोळ्यास १८३२ गुणिले १९२०, 'क्वेस्ट ३'मध्यें २०६४ गुणिले २२०८. आंकडे ऐकून सभा थक्क होते. परंतु भाकरी किती पिठाची यापेक्षां ती किती जणांत वाटावयाची हें पाहावें लागतें. हे ठिपके हातांतल्या फोनप्रमाणें लहानशा चौकटींत भरलेले नसतात. ते भिंगांतून सुमारें शंभर अंशांच्या विस्तारावर पसरविले जातात. खरें माप म्हणजे दृष्टीच्या एका अंशांत किती ठिपके पडतात तें. निरोगी डोळा एका अंशाचे साठ भाग वेगळे ओळखतो. 'क्वेस्ट ३'चे कर्ते स्वतः हा आंकडा २५ सांगतात, 'क्वेस्ट २'चा २०. हिशेब करूं. साठ भागिले पंचवीस म्हणजे सुमारें अडीच. नेत्रवैद्याच्या भाषेंत सांगावयाचें तर ज्या मुलाची नजर ६/६ आहे, त्याला हा चांगल्यांतला हेडसेट घालतांच त्याची नजर जवळजवळ ६/१५ होते. शाळेच्या नेत्रतपासणींत अशी नजर आढळली तर आपण मुलाला चष्मा लावतों. येथें ती लावण्यासाठीं आपण पैसे मोजतों!

आणि हा हिशेब रोमन लिपीपेक्षां आमच्या देवनागरीला अधिक जाचक आहे. इंग्रजी अक्षर बहुतांशीं एका पट्ट्यांत मावतें. देवनागरीला तीन मजले लागतात: शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्यें अक्षराचें शरीर, त्यांत पुनः जोडाक्षरांची दाटी, खालीं उकार व ऋकार. अर्ध्या अंशाच्या उंचीचें लेबल असेल तर पंचवीसच्या हिशेबानें उभे ठिपके बारा. त्या बारांत तीन मजले बांधावयाचे! मग रफार कोणता नि मात्रा कोणती हें कसें कळावें? हृदयाच्या चित्रावर 'अलिंद' आणि 'निलय' लिहिलेलें असतें, आणि मुलीला दिसतात काळ्या मुंग्या. त्या मुलीनें पाहतांना चूक केली नव्हती. तिला जें दाखविलें तेंच अपुरें होतें. भाषांतर करणाऱ्यानें इंग्रजी शब्द काढून त्याच जागेंत मराठी बसविला, लिपीचा विचार केला नाहीं, आणि ग्राहकानें तो विचारला नाहीं.

भिंगांचीहि एक कथा आहे. स्वस्त यंत्रांत वर्तुळाकार खांचांचीं फ्रेनेल भिंगें असतात. मध्यभागीं तेवढें स्पष्ट दिसतें, कडेला चित्र विरघळतें, आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरें अक्षर आलें कीं त्यांतून उजेडाच्या रेघा फुटतात. नव्या 'पॅनकेक' भिंगांत हा दोष बराच कमी असून पेटीहि पातळ होते. परंतु त्यांत प्रकाश अर्धपारदर्शक आरशांतून मागेंपुढें जात असल्यामुळें फार झालें तर चौथा हिस्सा डोळ्यांपर्यंत पोंचतो. तो तोटा भरून काढण्यास पडदा अधिक प्रखर करावा, तर उष्णता वाढते आणि दोन-अडीच तास चालणारी बॅटरीहि लवकर सरते. म्हणजे स्पष्टता आणि सुख या दोन गोष्टी यंत्रांत एकमेकींशीं बांधलेल्या आहेत. एक ओढली कीं दुसरी हलते. दोन बुबुळांतलें अंतरहि सर्वांचें सारखें नसतें. 'क्वेस्ट २'मध्यें ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा. 'क्वेस्ट ३'मध्यें चाक फिरवून ५८ ते ७१ पर्यंत कोणतेंहि अंतर साधतां येतें. लहान चेहऱ्याच्या मुलीला ५८ ची जागाहि मोठी पडूं शकते. त्या दिवशीं ती जागा बदलतां येते हें प्रतिनिधीनें कोणालाच सांगितलें नाहीं. आठहि मुलांनीं एकाच जागेंतून पाहिलें.

याशिवाय एक विसंगति आहे ती बाजारांतल्या बहुतेक हेडसेटमध्यें आहे. समोर आलेली वस्तु पाहण्यासाठीं डोळे आंत वळतात, परंतु भिंगानें ठरविलेलें चित्राचें अंतर बदलत नाहीं. वळणें एक सांगतें, नेत्रभिंग दुसरें सांगतें. त्यांत चित्र धांवत असून देह बाकावर स्थिर असला म्हणजे कान आणि डोळे यांचीहि साक्ष जुळत नाहीं, घाटांतल्या एस. टी. मध्यें पुस्तक वाचणाराची जी अवस्था होते तीच येथें होते. भिंतीला धरून उभी राहिलेली मुलगी नाजूक नव्हती. तिच्या मेंदूला दोन परस्परविरोधी साक्षी एकाच वेळीं ऐकाव्या लागल्या होत्या.

आतां प्रतिपक्षाचे उरलेले आक्षेप. कोणी म्हणेल, यंत्रें दरवर्षीं सुधारत आहेत. खरें आहे, आणि म्हणूनच घाई नको. सुधारणा होते ती तक्रार करणाऱ्या ग्राहकामुळें. मान डोलाविणाऱ्या ग्राहकासाठीं कारखान्याचा जुना माल असतो. ठाण्याची 'अजनालेन्स'सारखी कंपनी असे हेडसेट आपल्याच प्रांतांत तयार करते. आमच्या मुलांचीं डोकीं, आमची लिपि आणि आमचा उन्हाळा मोजून यंत्र करा, असें सांगावयास आतां सातासमुद्रांपार जाण्याचें कारण उरलेलें नाहीं. परंतु सांगणारा हवा.

कोणी म्हणेल, सुख आणि विद्या यांचें वैर सांगणारें सुभाषित तुम्ही संस्कृत शिकतांना पाठ केलें नाहीं काय? केलें आहे. परंतु त्यांत आळस सोडावयास सांगितला आहे, अंधुक अक्षर वाचावयास नव्हे. अभ्यासाचे कष्ट निराळे आणि साधनाचा त्रास निराळा. पहिल्यानें बुद्धि कमावली जाते, दुसऱ्यानें ती खर्ची पडते. दिवा मिणमिणता ठेवून कोणाची विद्या वाढली असें मला आढळलें नाहीं.

आणि कोणी म्हणेल, "वाईट कां होईना, आमच्या पोरांना मिळालें तर खरें!" या वाक्याचा मला सर्वांत अधिक राग येतो, आणि त्याचें कारण वैयक्तिक आहे. शाळेंत असतांना फळ्यावरचें मला नीट दिसत नसे. शेजाऱ्याच्या वहींतून उतरवून घेत असें, तें चुकत असे, आणि वर्गांत 'मठ्ठ' ही पदवी मला मिळाली होती. ती मीं निमूटपणें स्वीकारली. कारण सर्वांना दिसतें तें मला दिसत नाहीं, अर्थात् दोष माझाच, असा माझा तर्क होता. पुढें नांदेडला शिकावयास गेल्यावर एका परिचितानें आपला चष्मा थट्टेनें माझ्या नाकावर ठेविला, आणि समोरच्या झाडाला पानें आहेत हें मला प्रथम कळलें. मधलीं वर्षें कोण परत देणार? अपुऱ्या साधनाचें खरें पाप हें आहे. तें कपाळावर वळ उठवितें ते तासाभरांत मावळतात. परंतु 'मलाच जमत नाहीं' असा जो वळ मुलाच्या मनावर उठतो तो लवकर मावळत नाहीं. ती मुलगी भिंतीला धरून उभी असतां सर्वजण तिला संवय नाहीं म्हणत होते, आणि ती मान खालीं घालून तें मान्य करीत होती. मला तिच्यांत माझा तो मठ्ठ विद्यार्थी दिसला.

मग यंत्र घ्यावें कीं न घ्यावें? माझें उत्तर सरळ आहे. जें बिलोलीहून दिवसाभरांत जाऊन पाहून येतां येतें, त्यासाठीं तें घेऊं नये. होट्टलचीं चालुक्यकालीन मंदिरें पाहण्यास एस. टी. आहे आणि बिलोलीची जुनी दगडी मशीद तर पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. दगडाला हात लावण्याचें सुख कोणत्याहि पडद्यांत नाहीं. जें डोळ्यांनीं अन्यथा दिसूंच शकत नाहीं, जसें हृदयाचें आंतलें स्पंदन किंवा चंद्राचा पृष्ठभाग, त्यासाठीं जरूर घ्यावें. परंतु पैसे देण्यापूर्वीं ज्यांनीं तें घालावयाचें त्या मुलांनींच, त्यांच्याच वर्गांत, ऐन उन्हाळ्याच्या दुपारीं तें घालून पाहावें. चष्मा लावणाऱ्या मुलाला चष्म्यासह तें बसलें पाहिजे. भिंगांतलें अंतर प्रत्येक मुलासाठीं लावून देणारा माणूस हवा. चेहऱ्याला टेकणारा भाग धुतां येणारा व बदलतां येणारा हवा. त्यांत मराठीचें एक पान उघडून मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें. वाचतां आलें नाहीं तर सौदा मोडावा. एका वेळीं दहा-पंधरा मिनिटांपेक्षां अधिक घालूं नये, आणि बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना तर देऊंच नये. मेटानें वयाची अट तेरावरून दहावर आणली असली तरी ॲपल तेराचीच अट सांगतें, आणि मुलांच्या डोळ्यांच्या बाबतींत दोन वैद्यांचें मत जुळलें नाहीं तर शहाणा बाप कडक पथ्य सांगणाऱ्याचें ऐकतो. यांतली एकहि गोष्ट खर्चाची नाहीं. अर्धा तास आणि थोडा स्वाभिमान, एवढेंच भांडवल लागतें.

कुरुक्षेत्रावर अर्जुनाला दिव्यचक्षु मिळाले होते. त्यानें विश्वरूप पाहिलें. परंतु तेंहि त्याला फार वेळ सोसवलें नाहीं, आणि त्यानें हात जोडून नेहमींचें सौम्य रूप मागितलें. श्रीकृष्णानें त्याला 'संवय नाहीं अजून' असें सांगितल्याचें कोठें नमूद नाहीं; त्यानें तें रूप आवरून घेतलें. देणारानें घेणाराकडे पाहावें, ही त्या प्रसंगाची शिकवण आमच्या विक्रेत्यांस आणि विश्वस्तांस पेलत नसेल, तर निदान त्या मुलीच्या कपाळाकडे त्यांनीं एकदां पाहावें.

त्या दिवशीं समारंभ संपल्यावर मीं व्यासपीठावरच्या मंडळींपैकीं प्रत्येकास विनंति केली कीं आपण हें यंत्र पंधरा मिनिटें घालून पाहावें. एकाला पित्ताचा त्रास होता, दुसऱ्याचे केंस नुकतेच विंचरलेले होते, तिसऱ्याला नांदेडची गाडी गांठावयाची होती. घालून पाहणारा एकहि निघाला नाहीं. सोसण्याचा उपदेश मात्र सर्वांनीं केला होता.